साधन हे दान नव्हे, देणे आहे

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारच्या सुटीत एक गृहस्थ तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात आमची वाट पाहत उभे होते. हातात पिशवी, पिशवीत लहानशी पेटी आणि पेटीत दोन श्रवणयंत्रे. गृहस्थ शेतमजूर, कुटुंब अलीकडेच दीक्षा घेतलेले. मुलगी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत शिकत होती. "साहेब, यंत्रं फुकट मिळाली, फोटोपण निघाला, पण पोरीला ऐकू येत नाही," एवढेच ते म्हणाले.

आम्ही ती पेटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका जाणकारास दाखविली. यंत्रे बिघडलेली नव्हती. कानात बसणारे साचे मात्र दोन वर्षांपूर्वीच्या मापाचे होते. मुलगी वाढली, तिचा कान वाढला आणि साचा सैल झाला. सैल साच्यातून आवाज बाहेर पडून यंत्र शिट्टी वाजवू लागले, वर्गातील मुले हसू लागली, आणि एके दिवशी त्या मुलीने दोन्ही यंत्रे काढून दप्तरात टाकली. पुढे सेल संपले, ते पुन्हा आणलेच नाहीत. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असता शेवटच्या बाकावर बसून ती मुलगी गुरुजींच्या ओठांकडे पाहून जेवढे उमजेल तेवढे शिकत राहिली. प्रगतिपुस्तकावर शेरा आला: "वर्गात लक्ष देत नाही." त्यापाठोपाठ शाळेने वडिलांस सुचविले की, मुलीस जिल्ह्याच्या निवासी शाळेत घालावे, नाहीतर घरी बसवावे, शिक्षक अधूनमधून घरी येऊन शिकवून जातील.

त्या पित्याने आम्हास दावा दाखल करण्यास सांगितले नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, नवे साचे आणि सेल यांसाठी आता कोणाच्या पाया पडावे? आमच्या मते या प्रश्नातच सारा घोटाळा आहे. जे साधन मुलाच्या शिक्षणास अवश्य आहे, ते मिळविण्यासाठी कोणाच्याही पाया पडण्याचे कारण नाही. ते दान नव्हे, ते देणे आहे. आणि आपले येणे मागणाराने मान खाली घालावयाची नसते.

शिबिर संपते, शाळा संपत नाही

शिबिरे भरवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. साहाय्यक साधने पुरविण्याची केंद्र सरकारची योजना, जिला 'एडिप' म्हणतात, १९८१ सालापासून चालू आहे. कानपूरचा 'अलिम्को' हा सरकारी उद्योग कुबड्या, तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे बनवितो. ज्यांच्या हाती एरवी काहीच पडले नसते अशा असंख्य माणसांस या योजनेने साधने दिली, हे मान्य केले पाहिजे. दोष आहे तो, वाटप झाले म्हणजे काम झाले, या समजुतीचा.

श्रवणयंत्र म्हणजे घोंगडी नव्हे, की एकदा अंगावर घातली म्हणजे थंडी भागली. श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे ते प्रत्येक कानास वेगळे जुळवावे लागते. त्याचा सेल आठ-पंधरा दिवस चालतो. वाढत्या वयात कानाचा साचा वरचेवर बदलावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेने यंत्र बिघडते. इतर साधनांचीही हीच गत आहे. मोठ्या माणसाच्या मापाच्या खुर्चीत आठ वर्षांचे मूल बसविले तर त्याचे पाय लोंबकळतात आणि पाठीस बाक येतो. खुर्ची मापाची मिळाली, पण वर्गाच्या दारास उंबरा आणि शौचालयास पायऱ्या असल्या, तर ती खुर्ची व्हरांड्यातच राहते. ब्रेलची पाटी दिली, पण ब्रेलमधील पाठ्यपुस्तक दिले नाही, तर त्या मुलाने वाचावे काय?

यास्तव साधन म्हणजे केवळ वस्तू नव्हे. वस्तू, तिचे माप, तिची दुरुस्ती, ती वापरावयास शिकविणारा माणूस आणि ती चालेल अशी जागा, या पाच गोष्टी मिळून साधन होते. शिबिरात बहुधा पहिली गोष्टच मिळते. उरलेल्या चार वर्षभर, शाळेच्या दारात मिळावयास हव्यात.

गोड नावाने भागत नाही

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि पुढे तो सरकारी व्यवहारात रूढ झाला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला, ही चांगलीच गोष्ट झाली. जुना शब्द बोचणारा होता यात शंका नाही. परंतु गोड नावाचा अनुभव आपल्या समाजास जुना आहे. १९३८ साली 'हरिजन' हे नाव मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात घातले जाऊ लागले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. देवाचे नाव लावल्याने पाणवठा खुला होत नाही, हे ते जाणून होते. त्याचप्रमाणे अंगास दिव्य म्हटल्याने यंत्रात सेल पडत नाही.

पाणवठ्याची हकीकत तर येथे मुद्दाम आठवावयास हवी. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळ्याविषयी तसाच ठराव केला. तरीही ओंजळभर पाणी कोणास मिळाले नाही. ते २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी स्वतः जाऊन घेतले. हक्क कागदावर लिहिला जाणे ही अर्धी वाट होय. उरलेली अर्धी वाट हक्कदारास चालावी लागते.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातील तीन कलमे प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावीत.

कलम १६ अन्वये, सरकारच्या वा स्थानिक संस्थांच्या अनुदानावर अथवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांत दिव्यांग मुलास भेदभाव न करता प्रवेश मिळावा, इमारत व सोयी त्यास वापरण्याजोग्या असाव्यात, आणि त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून दिली जावी. कलम १७ अन्वये, चाळीस टक्के अथवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य साहाय्यक साधने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य द्यावयाची आहेत. कलम ३१ अन्वये, अशा मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत घ्यावा की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे.

कोणी म्हणेल की, कलम १६ च्या आरंभी सरकारने 'प्रयत्न करावा' अशी सौम्य भाषा आहे. ती आहे. परंतु कलम १७ त्याच हेतूसाठी उपाय योजण्याचे बंधन घालते, आणि त्या कलमातील 'योग्य' हा शब्द आमच्या मते फार मोलाचा आहे. जे श्रवणयंत्र कानात बसत नाही ते योग्य साधन नव्हे. ते दिल्याची नोंद वहीत असली तरी कायद्याचे देणे फिटले असे होत नाही.

घरी बसविण्याच्या सूचनेविषयी बोलावयाचे तर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा पाहावा. त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलास घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. निवडण्याचा हक्क मुलाचा व पालकांचा आहे. ती शाळेची पळवाट नव्हे. जी मुलगी योग्य साच्यासह वर्गात ऐकू शकते तिला घरी बसविणे यास कोणत्याही कायद्याचा आधार नाही.

आणखी एक अडचण नेहमी पुढे केली जाते. प्रमाणपत्रावर पस्तीस टक्के आले, म्हणजे काहीच मिळणार नाही असे पालकांस सांगून परत पाठवितात. विनामूल्य साधनांच्या कलम १७ पुरते चाळीस टक्क्यांचे बंधन खरे आहे. तथापि वाजवी सोय मिळण्यास ते बंधन लागू नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराचा तो खटला होता. दिव्यांग व्यक्ती आणि चाळीस टक्क्यांवरील दिव्यांग व्यक्ती या कायद्याने दोन वेगळ्या कल्पना मानल्या आहेत, आणि वाजवी सोयीचा हक्क पहिलीसही आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पहिल्या बाकावर जागा, फळ्याकडे तोंड करून न बोलणारा शिक्षक, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, दारापुढील उतार, या गोष्टींस टक्केवारीचा अडसर घालता येणार नाही.

ही सोय 'अवाजवी बोजा' टाकणारी नसावी, एवढी मर्यादा कायद्याने घातली आहे. शे-दोनशे रुपयांचे सेलचे पाकीट हा शेतमजुराच्या घरास बोजा आहे. राज्यास तो बोजा आहे असे कोणी शपथेवर सांगू शकेल काय?

पैसा कोठे आहे

पैसा नाही, हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा झडा एकदा घेतलाच पाहिजे. पैशाच्या वाटा निदान तीन आहेत.

पहिली वाट समग्र शिक्षा योजनेची. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे दरसाल ३,५०० रुपयांची तरतूद धरली गेली. मुलींसाठी महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ता निराळा. साधने, मदतनीस, प्रवासभत्ता यांचा खर्च त्यातून व्हावयाचा असतो. तालुक्याचे गटसाधन केंद्र व तेथील विशेष शिक्षक हे याचे दार होय. ही रक्कम मुलाच्या हाती रोख मिळत नाही. ती मुलाच्या नावाने नियोजनात धरली जाते. म्हणून मुलाची नोंद शाळेच्या वार्षिक माहितीत दिव्यांग म्हणून झाली आहे की नाही, हे पालकाने मुख्याध्यापकांस आधी विचारावे. नोंद नाही तर तरतूद नाही.

दुसरी वाट वर सांगितलेल्या एडिप योजनेची. तीत २०२२ च्या सुधारणेनुसार मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधनाची पूर्ण किंमत आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मी किंमत देण्याची तरतूद झाली. एकदा साधन मिळाल्यावर तेच साधन तीन वर्षे मिळत नाही असे सांगून लोकांस परत पाठविले जाते. परंतु बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एकच वर्षाची ठेवलेली आहे. आमच्या त्या पाचवीतल्या मुलीस हा नियम लागू होता आणि तो तिच्या वडिलांस कोणीही सांगितला नव्हता.

तिसरी वाट सर्वांत जवळची व सर्वांत दुर्लक्षित. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी असे शासनाचे आदेश आहेत. ग्रामसभेत हात वर करून या पाच टक्क्यांचा हिशेब मागणारा मनुष्य गावोगाव हवा.

येथे एक चलाखी सांगून ठेवतो. मूल अनुसूचित जातीचे आहे असे दिसताच, "मागासवर्गीयांच्या निधीतून मागा," असे एक टेबल सांगते, आणि ते दुसरे टेबल म्हणते, "दिव्यांगांच्या निधीतून मागा." एका मुलीचे दोन हक्क असले तर त्यांची बेरीज व्हावयास हवी, येथे वजाबाकी होते. नवदीक्षित कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावे की, १९९० सालच्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. धर्मांतराचे निमित्त सांगून कोणी अर्ज परतवू लागल्यास त्यास ती दुरुस्ती दाखवावी.

अर्ज कसा करावा

आमच्या अनुभवात निम्मी प्रकरणे मुळात मागणी लेखी नसल्याने बुडतात. "सरांस सांगितले होते," याला पुराव्यात किंमत नाही. म्हणून पुढील क्रम धरावा.

आधी जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र मिळवावे. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहावा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी आणि दोन्हींची तारखेसह पोहोच घ्यावी. अर्जात केवळ वस्तूचे नाव न लिहिता गरज लिहावी. "श्रवणयंत्र मिळावे" याऐवजी "माझी मुलगी वर्गात शिक्षकांचे बोलणे ऐकू शकत नाही, तिच्या कानांच्या आजच्या मापाचे साचे, वर्षभराचे सेल, दुरुस्तीची सोय व पुढील बाकावर जागा मिळावी" असे लिहावे. वस्तू मागितली तर वस्तू देऊन मोकळे होतात. गरज लिहिली म्हणजे ती भागली की नाही हे तपासता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीत या अर्जाचा ठराव करून घ्यावा.

महिन्याभरात उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्काने दोन प्रश्न विचारावेत: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेस काय कार्यवाही झाली, आणि या वर्षी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साधनांवर किती रक्कम मंजूर व किती खर्च झाली. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्कही नाही. अनेकदा या दुसऱ्या प्रश्नानेच कागद हलतो.

तरीही काही न घडल्यास पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. हक्क डावलला गेल्याची चौकशी करण्याचा अधिकार त्यांस आहे, साक्षीदार बोलावण्यापुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत कळवावयाचे असते. त्यासाठी वकील लागत नाही. आमच्या काही व्यवसायबंधूंस हे वाक्य रुचणार नाही, पण ते खरे आहे. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, बालक आणि दिव्यांग व्यक्ती यांस विनामूल्य वकील मिळतो. आपली मुलगी या तिन्ही नात्यांनी त्यास पात्र आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे जाण्यास संकोच करू नये.

दोन आक्षेप

विशेष शाळा असताना साध्या शाळेचा हट्ट कशासाठी, असे पुष्कळ जण प्रामाणिकपणे विचारतात. आमचा विशेष शाळांस विरोध नाही. ज्या मुलास मुळीच ऐकू येत नाही त्यास खुणांची भाषा लवकर मिळणे अवश्य असते. ती जेथे चांगली शिकवितात ती शाळा पालकांनी जरूर निवडावी. आमचे म्हणणे एवढेच की, निवड पालकांची असावी. सेल देण्याचा कंटाळा आला म्हणून दहा वर्षांची मुलगी आईपासून तोडून वसतिगृहात पाठविणे यास निवड म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. वर्गात चाळीस मुले, त्यात निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे. एका मुलीकडे किती पाहावे? हे गाऱ्हाणे खोटे नाही, आणि शिक्षक आपले शत्रू नव्हेत. किंबहुना पालक व शिक्षक यांनी एकत्र अर्ज केला तर तो अधिक लवकर मंजूर होतो. परंतु शिक्षकाच्या अडचणीची किंमत त्या मुलीने का भरावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

आपल्या घरातील दोष

सरकारास बोल लावून थांबलो तर आम्ही अर्धेच खरे सांगितले असे होईल. दीक्षा घेतल्यावरही काही घरांत मुलाचे दिव्यांगत्व हे मागील जन्मीचे पाप समजतात. अंगारा-धुपाऱ्यास दोन हजार रुपये जातात. श्रवणचाचणीस मात्र तारीख मिळत नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारा विचार आपण टाकला असेल, तर तो घरातील मुलासही लागू न करणे भाग आहे. काही घरांत पाहुणे आले की मुलीचे यंत्र काढून ठेवतात, पुढे लग्नास अडचण नको म्हणून. ज्या मुलीने घरातच यंत्र लपवावयाचे, ती शाळेत ते धीटपणे कसे लावील?

आणि विहार समित्यांस आमची नम्र विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. तशीच वस्तीतील दिव्यांग मुलांची एक वही ठेवावी. मुलाचे नाव, इयत्ता, प्रमाणपत्र आहे की नाही, कोणते साधन मिळाले, ते चालते की नाही, अर्जाची तारीख, एवढे रकाने पुरेत. एक शिकलेला तरुण महिन्यातून एका रविवारी बसून अर्ज लिहून देऊ लागला, तर पुष्कळ घरे वाचतील. विहारातून सेलही वाटावेत. मात्र ते वाटून मागणी सोडून देऊ नये. आपण आपसांत भरलेला खड्डा सरकारच्या लेखी नसतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. अर्ज ऑगस्टात गेला. मुख्याध्यापक म्हणाले गटसाधन केंद्रात जा, केंद्र म्हणाले जिल्ह्यास जा, जिल्हा म्हणाला शाळेकडून पत्र आणा. माहितीच्या अधिकाराचा कागद गेल्यावर हालचाल झाली आणि नवे साचे जानेवारीत कानात बसले. त्यानंतर त्या मुलीने मागून मारलेली हाक ऐकून वळून पाहिले, हे तिच्या वडिलांनी आम्हास न्यायालयाच्या त्याच आवारात येऊन सांगितले.

ही गोष्ट आनंदाची आहे; पण तिचा जमाखर्च पुरा मांडला पाहिजे. ऑगस्ट ते जानेवारी या पाच महिन्यांत त्या वर्गात अपूर्णांक शिकवून झाले. ते त्या मुलीने ऐकले नाहीत. सहावीचे गणित आता त्यांवरच उभे आहे आणि ती रोज संध्याकाळी शेजारच्या मुलीकडून ते पहिल्यापासून शिकते. सरकारी दप्तरात हे प्रकरण 'निकाली' म्हणून नोंदले गेले असेल. तिच्या वहीत ते अद्याप निकाली निघालेले नाही. फाईल थांबते तेव्हा मुलाचे वय थांबत नाही. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी पुढच्या शिबिराची वाट न पाहता याच आठवड्यात अर्ज लिहावा, आणि पोहोच घेतल्यावाचून कार्यालयाची पायरी उतरू नये.